पंखा फिरताना दिसला पाहिजे

स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं चित्रण बिघडवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कॅमेरा ऑटोवर सोडणं. लख्ख ऊन असतं, समोरून १९४३ सालचं विमान जात असतं. कॅमेरा उजेड मोजतो, शटर १/२००० सेकंदावर नेतो आणि नाकावरच्या पंख्याची चारही पाती जागच्या जागी थिजतात. विमान पुढे सरकतंय, पण पंखा बंद. पाळण्यावर दोऱ्याने टांगलेलं खेळणं हलावं तसं ते दिसतं. फोकस अचूक, रंग छान, रिव्हेट मोजता येतील इतका तपशील, आणि तरीही विमान मेलेलं. स्थिर छायाचित्रात ही चूक खपून जाते. व्हिडिओत ती सेकंदाला पंचवीसदा दिसते.

म्हणून जुन्या लष्करी विमानांच्या चित्रणाची आकडेमोड इंजिनापासून सुरू करावी, कॅमेऱ्याचा नंबर त्यानंतर. स्पिटफायर मार्क ९ घ्या. त्यातल्या मर्लिन इंजिनाच्या आणि पंख्याच्या मध्ये ०.४७७ गुणोत्तराचा गिअर असतो, म्हणजे इंजिनाच्या निम्म्याहूनही कमी फेरे पंखा घेतो. हवाई प्रदर्शनात इंजिन २४०० आरपीएमवर (मिनिटाला २४०० फेरे) चालत असेल तर पंखा ११५०च्या आसपास, सेकंदाला साधारण १९ फेरे. शटर १/५० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात प्रत्येक पातं १३८ अंश फिरतं. चार पात्यांमधलं अंतर ९० अंशांचं, त्यामुळे फ्रेममध्ये फट उरतच नाही, भरलेली चकती दिसते. १/१२५ला पातं ५५ अंश फिरतं, १/२५०ला जेमतेम २८ आणि १/१०००ला फक्त ७. थिजणं म्हणतात ते हे.

आता गंमत बघा. टायगर मॉथ हे दोन मजली पंखांचं हळूबाई विमान, त्यामुळे त्याचा पंखाही हळू फिरत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात त्याच्या जिप्सी मेजर इंजिनाला गिअर नाही, पंखा थेट दांड्यावर बसवलेला. इंजिन २००० आरपीएमवर असेल तर पंखाही २०००वर, सेकंदाला ३३ फेरे. १/१२५लाही तिथे पातं ९६ अंश फिरतं. पाती दोनच असल्याने चकती पूर्ण भरत नाही, पण गती स्पष्ट दिसते. हार्वर्ड या प्रशिक्षण विमानाचंही तेच. बी-१७ या अमेरिकन बाँबफेकी विमानाच्या राइट सायक्लोन इंजिनांना १६:९चा गिअर आहे. २००० आरपीएमला तिथला तीनपाती पंखा सेकंदाला १९च्या आत-बाहेर फिरतो आणि १/५०ला पातं १३५ अंश जातं. अंतर १२० अंश, चकती भरली. पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनाच्या विमानांत तर पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरगर फिरतं, आणि फिरतं तेही मिनिटाला १२००च्या घरात. तिथे चकती भरायला १/५०सुद्धा थोडं कमीच पडतं. थोडक्यात, विमान जितकं बलाढ्य तितका पंखा जलद, हा हिशेब इथे चालत नाही. गिअर आहे की नाही आणि पाती किती, हे आदल्या दिवशीच एका कागदावर लिहून ठेवावं. प्रदर्शनाचा कार्यक्रम आधी जाहीर होतोच.

जेट असेल तर हा सगळा प्रश्न मिटतो. व्हँपायर, हंटर, मिग-१५ यांच्यासाठी १/५०० ठेवा, खुशाल ठेवा.

मग सगळंच १/५०ला का चित्रित करू नये? कारण हात. ४०० मिलीमीटरच्या भिंगातून फुल-फ्रेम कॅमेऱ्याला आडवं दिसतं ते जेमतेम पाच अंशांचं जग. विमान ३०० मीटरवरून २०० नॉटने (ताशी सुमारे ३७० किलोमीटर) सरळ समोरून गेलं तर कॅमेरा सेकंदाला १९ अंशांहून थोडा जास्त फिरवावा लागतो. तुमच्या फिरवण्यात आणि विमानाच्या वेगात सेकंदाला केवळ दोन अंशांचा फरक पडला, तरी १/५० सेकंदात ४के चित्रातलं विमान तीस पिक्सेल पुसलं जातं. १/१००ला तेच पंधरा पिक्सेल. म्हणून दुरून येणाऱ्या, वळणाऱ्या, धावपट्टीवर सरकणाऱ्या विमानाला १/५० द्यावं आणि अगदी समोरून जाणाऱ्या जलद फेरीला १/१०० किंवा १/१२५. पंख्यात थोडी फट दिसेल, चालतं. प्रतिसेकंद ५० फ्रेमवर चित्रण करत असाल तर १/१०० हा स्वाभाविक मध्य आहे. मर्लिनचं पातं त्यात ६९ अंश फिरतं, चकती जवळजवळ भरते, आणि मोठ्या पडद्यावर पॅनिंग करताना (विमानाबरोबर कॅमेरा आडवा फिरवताना) पार्श्वभूमीतली झाडं अडखळत नाहीत. २५ फ्रेमचा ‘सिनेमॅटिक’ आग्रह इथे मला तरी निरर्थक वाटतो. आडव्या वेगाने जाणारी गोष्ट २५ फ्रेममध्ये ठेचकाळते, मग रंगांवर कितीही प्रक्रिया करा.

शटर इतकं मंद ठेवलं की उजेड मावत नाही. भर उन्हाचा जुना ठोकताळा असा: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (भिंगाचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) एफ/१६, शटर १/१००. तिथून १/५०ला आलात तर ॲपर्चर एफ/२२वर जातं, आणि तिथे बहुतेक भिंगं विवर्तनामुळे, म्हणजे अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, मऊ पडतात. एफ/८वर यायचं तर तीन स्टॉप कापावे लागतात (प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे एनडी८ फिल्टर: भिंगावर लावायची काळसर काच, जी उजेड एक अष्टमांश करते. लॉग प्रोफाइल (नंतर रंग सुधारण्यासाठी केलेलं फिकट चित्रण) वापरत असाल आणि कॅमेऱ्याचा मूळ आयएसओ ८०० असेल, तर आणखी तीन स्टॉप: एनडी६४. फोनचं ॲपर्चर एफ/१.८च्या आसपास कायमचं अडकलेलं असतं, त्यामुळे आयएसओ ५० धरला तरी त्यालाही एनडी६४ लागतो. फोनच्या चित्रणात पाती कोयत्यासारखी वाकलेली दिसतात त्याचं कारणही इथेच आहे. सेन्सर चित्र एकदम वाचत नाही, ओळीओळीने वाचतो. त्याला १६ मिलिसेकंद लागले तर तेवढ्यात मर्लिनचा पंखा ११० अंश फिरलेला असतो. शटर जलद असेल तर प्रत्येक ओळ पात्याची वेगळी जागा टिपते आणि पातं वाकतं, तुटतं, कधी हवेत तरंगतं. शटर मंद असेल तर वाकडेपणा असतोच, फक्त पुसला जातो. ग्लोबल शटरचे (सगळं चित्र एकदम टिपणारे) किंवा स्टॅक्ड सेन्सरचे (फार जलद वाचणारे) कॅमेरे हा दोष घालवतात किंवा बराच कमी करतात. पण महागडा कॅमेरा घेण्याआधी फिल्टर घ्यावा, असं माझं मत.

फिल्टर घेताना एक खोच आहे. बदलता एनडी सोयीचा वाटतो, कडं फिरवलं की उजेड कमी-जास्त. पण तो म्हणजे एकमेकांवर बसवलेले दोन पोलरायझर. आकाशाचा उजेड सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक ध्रुवित असतो. विमानामागे कॅमेरा डावीकडून उजवीकडे १२० अंश फिरवलात की आकाश मध्येच गडद होतं, मग पुन्हा उजळतं. एका फेरीत आकाशाचे तीन रंग, आणि संकलनात ते सरळ करणं म्हणजे शिक्षा. शिवाय कॉकपिटच्या ॲक्रिलिक घुमटावर पोलरायझरमुळे इंद्रधनुषी पट्टे उमटू शकतात. ठरावीक घनतेचे दोन फिल्टर, एनडी८ आणि एनडी६४, खिशात ठेवणं बरं. ढग आले की बदलायला वेळ लागतो, पण कार्यक्रमात दोन विमानांच्या मध्ये तेवढा वेळ मिळतो.

एक्स्पोजर हाताने लावावं आणि मग हात काढून घ्यावा. ऑटोवर कॅमेरा आकाश मोजतो, विमान काळं करतो. विमान झाडांच्या रेषेखाली उतरलं की तोच कॅमेरा एकदम उजळतो. ढगाळ पांढऱ्या आकाशात कॅमेऱ्याच्या अंदाजापेक्षा एक ते दीड स्टॉप जास्त द्यावा लागतो, आणि त्यात आकाश जळलं तर जळू द्यावं. नॉर्मंडीच्या मोहिमेचे काळे-पांढरे पट्टे रंगवलेलं विमान उन्हात असेल तर मात्र पांढऱ्या पट्ट्यावर झीब्रा (अतिउजळ भागावर कॅमेरा दाखवतो त्या तिरप्या रेघा) बघून लावावं. ते पट्टे जळले की मागे तपशील काहीच उरत नाही.

फोकसबद्दल फार काळजी करायचं कारण नाही. ४०० मिलीमीटर, एफ/८ला फुल-फ्रेमवर हायपरफोकल अंतर (जिथे फोकस लावला की अनंतापर्यंत सगळं स्वच्छ दिसतं) सुमारे ६७० मीटर येतं. तिथे फोकस लावून बंद केलात तर ३३५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्वच्छ. ४के चित्र मोठ्या पडद्यावर बघायचं असेल तर निकष थोडा कडक ठेवून १००० मीटरवर लावा, मग जवळची हद्द ५०० मीटर होते. विमान त्याच्या आत येणार असेल तेव्हाच ऑटोफोकसकडे वळा. रिकाम्या आकाशात ऑटोफोकस भरकटला की परत यायला दोन सेकंद घेतो. जलद फेरी पुष्कळदा तेवढ्यातच संपते.

भिंग किती लांब हवं, हा सगळ्यांचा लाडका प्रश्न. अमेरिकेत विमानाच्या वेगानुसार ५००, १००० किंवा १५०० फुटांवर प्रदर्शनरेषा आखलेली असते. इतर देशांचे नियम वेगळे, पण अंतरं अशाच पट्ट्यातली. १००० फूट म्हणजे ३०५ मीटर. तिथे नऊ-साडेनऊ मीटर लांबीचं स्पिटफायर ४०० मिलीमीटरच्या चौकटीचा एक तृतीयांश भाग व्यापतं. व्हिडिओला तेवढं पुष्कळ झालं. ६००ने ते अर्ध्या चौकटीवर जातं, आणि तिथून विमान चौकटीबाहेर निसटायला लागतं. त्याहून वाईट म्हणजे उन्हाची झळ. तापलेल्या डांबरावरून विमान घेत असाल तर ६००ने विमान मोठं होत नाही, झळ मोठी होते. ती वितळलेली, थरथरणारी प्रतिमा कुठल्याही सॉफ्टवेअरने सुधारत नाही. उपाय दोनच: सकाळची वेळ किंवा हवेत उचललेलं विमान. गवताची धावपट्टी असेल तर त्रास बराच कमी. इंग्लंडमधलं ओल्ड वॉर्डनचं विमानतळ सगळं गवतच आहे. तिथल्याच डक्सफर्डच्या विमानतळाला डांबरी आणि गवताची अशा दोन्ही धावपट्ट्या आहेत.

डक्सफर्डचा विषय निघालाच तर तिथला उजेड. प्रेक्षक धावपट्टीच्या उत्तरेला, तोंड दक्षिणेकडे; भर दुपारी सूर्य समोर आणि विमान काळी सावली. दुपार कलली की सूर्य उजवीकडे सरकतो आणि मग रंग उमलतात. अमेरिकेतल्या ऑशकॉशच्या प्रदर्शनात प्रेक्षक पश्चिमेला असतात, त्यामुळे दुपारनंतरचं ऊन पाठीमागून विमानावर पडतं. ओल्ड वॉर्डनची प्रेक्षकरेषा मध्ये मोडलेली आहे. वैमानिक त्या कोपऱ्याला वळसा घालून विमान कलतं ठेवत नेतो, त्यामुळे पंखांची वरची बाजू, कॉकपिट, वैमानिकाचं डोकं असं सगळं दिसतं. विमान वळताना त्याची पाठ नेहमी वळणाच्या केंद्राकडे असते, त्यामुळे वळसा प्रेक्षकांभोवती असेल तरच पाठ दिसते. विमान प्रेक्षकांपासून दूर वळायला लागलं की पोट दिसणार हे धरून चाला, आणि ते उजेडात आहे का सावलीत, हे आधीच बघून ठेवा.

स्वतः कॅमेरा धरायचा कसा? फेरी जिथे संपणार तिकडे पावलं रोवायची आणि कंबरेतून मागे वळून विमानाची वाट बघायची. मग विमानाबरोबर अंग उलगडत जातं. उलट केलंत तर शेवटी अंग पिळवटतं आणि चित्र थरथरतं. ट्रायपॉडला फ्लुइड हेड (कॅमेरा सुरळीत फिरवणारं डोकं) असेल तर त्याचा आडवा ड्रॅग, म्हणजे फिरवतानाचा अडसर, अगदी कमी ठेवा, उभा मध्यम. एकाच पायाचा मोनोपॉड मला व्यक्तिशः जास्त आवडतो, गर्दीत कोणाच्या पायात येत नाही. भिंगातलं स्थिरीकरण पॅनिंगच्या मोडवर ठेवावं. इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण मात्र बंदच करावं. त्याला वाटतं तुमचा हात हलतोय, ते पॅन अडवायला बघतं, आणि शेवटी हार मानून चित्राला एक झटका देतं. पार्श्वभूमीत हँगर असतील तर तेही तिरपे होतात हे ध्यानात असू द्या. सेकंदाला १९ अंशांचं पॅन आणि १६ मिलिसेकंदांचं वाचन, की ४०० मिलीमीटरवर हँगरची उभी भिंत वरपासून खालपर्यंत २३० पिक्सेल कलते. आकाशासमोर हे कळत नाही.

उड्डाणाआधीच्या दहा मिनिटांकडे लोक दुर्लक्ष करतात आणि माझ्या मते खरं चित्रण तिथेच आहे. तारकाकृती सिलिंडरांच्या इंजिनाला सुरू करण्याआधी दोन-तीन माणसं पंख्याची पाती हाताने एकामागोमाग ओढून फिरवतात. तळाच्या सिलिंडरांत रात्रभर तेल झिरपून साचलेलं असतं. तेल दाबलं जात नाही, आणि तसंच स्टार्टर मारलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. हे हात पंख्याला लागले की कॅमेरा सुरू करायचा. मग अग्निशामक नळकांडं घेऊन उभा असलेला माणूस, स्टार्टरची कण्हण्यासारखी कुरकुर, एकदोन सिलिंडर पेटणं, निळसर पांढऱ्या धुराचा लोट, मग बाकीचे सिलिंडर एकेक करून सूर लावतात. इथे कापाकापी करू नका, कॅमेरा हलवू नका. मर्लिन ८०० आरपीएमवर निवांत चालत असताना पंखा सेकंदाला सहा-साडेसहा फेरेच घेतो, म्हणून १/५०ला एकेक पातं वेगळं दिसतं. ते तसंच दिसायला हवं.

स्पिटफायर जमिनीवर फार वेळ थांबत नाही. त्याचे रेडिएटर पंखांखाली, उभ्या विमानात त्यांतून हवा पुरेशी जात नाही, आणि शीतकाचं तापमान चढत जातं. सुरू झालं की ते लगेच निघतं, रांगेतही त्याला पुढे सोडतात. भिंग बदलायचं असेल तर इंजिन सुरू व्हायच्या आत. शेपटीवर बसणारी विमानं धावपट्टीकडे जाताना नागमोडी चालतात, कारण नाक उंच असल्याने वैमानिकाला समोरचं दिसत नाही. त्या नागमोडीत तुम्हाला एकाच जागेवरून डावी बाजू, उजवी बाजू आणि समोरचा चेहरा फुकट मिळतो.

आता आवाज. चित्र थोडं कमी-जास्त असलं तरी माणसं बघतात. मर्लिनचा आवाज वाऱ्याच्या फडफडीत हरवला असेल तर मात्र चित्रफीत सोडून पुढे जातात, आणि ते बरोबरच आहे. कॅमेऱ्यावरच्या माईकचं स्वयंचलित नियंत्रण सर्वप्रथम बंद करा. विमान दूर असताना ते शेजारच्यांच्या गप्पा मोठ्या करतं आणि विमान डोक्यावर आलं की त्याचाच गळा दाबतं. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी हाताने लावा. ३२-बिट फ्लोटचा (खूप मोठे आणि खूप बारीक आवाज दोन्ही साठवणारा) रेकॉर्डर असेल तर ही चिंता बरीच कमी होते, पण माईकची स्वतःची सहनशक्ती संपली तर फ्लोटही वाचवत नाही.

वाऱ्यासाठी सगळे लो-कट (ठरावीक सुराखालचे खर्जाचे आवाज कापणारी सोय) लावायला सांगतात. इथे जपून. बारा सिलिंडरांचं चार-स्ट्रोक इंजिन २४०० आरपीएमवर सेकंदाला २४० स्फोट करतं, तो सूर २४० हर्ट्झचा. पण चार पाती सेकंदाला १९ फेरे घेत हवा कापतात तो ठोका ७६ हर्ट्झवर असतो, आणि ८०० आरपीएमवरच्या निवांत इंजिनाचे स्फोट ८० हर्ट्झवर. १०० हर्ट्झचा लो-कट लावलात की छातीत जाणवणारं ते सगळं गेलं, उरली नुसती गुणगुण. कट ४० हर्ट्झवर ठेवावा आणि वाऱ्याला स्पंजवर चढवलेल्या केसाळ आवरणाने अडवावं. हार्वर्डच्या बाबतीत उलटी गोष्ट. त्याचा तो कर्कश, फाटलेला आवाज इंजिनाचा नसतोच. पावणेतीन मीटर व्यासाचा पंखा २२५० आरपीएमवर थेट फिरतो, टोकांचा वेग सेकंदाला ३२० मीटरच्या पुढे जातो, त्यात विमानाचा वेग मिळाला की पात्यांची टोकं आवाजाच्या वेगाला भिडतात. तो आवाज तीक्ष्ण असतो, त्यामुळे विकृत होतो तोही आधी. उड्डाणाच्या वेळी पातळी आणखी सहा डेसिबल खाली ठेवलेली बरी.

रेकॉर्डर कॅमेऱ्यावर बसवू नका. स्टिरिओ माईक कॅमेऱ्याबरोबर फिरला की विमान कायम मधोमध ऐकू येतं आणि गर्दी डावीकडून उजवीकडे पळते. वेगळ्या स्टँडवर, धावपट्टीकडे तोंड करून, हलणार नाही असा ठेवा. मग विमान डावीकडून येतं, उजवीकडे जातं आणि जाताना सूर खाली उतरतो. जागा निवडताना ध्वनिवर्धक बघा. ते प्रेक्षकरेषेवर ठरावीक अंतराने असतात, दोघांच्या बरोबर मध्ये किंवा रेषेच्या टोकाला निवेदन सर्वांत मंद. यामागे निव्वळ रसिकता नाही, व्यवहारही आहे. बऱ्याच ठिकाणी विमानाच्या फेरीला संगीत लावतात, आणि यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ते इंजिनाच्या गडगडाटाआडूनही ओळखते. मग चित्रफितीवर दुसऱ्याचा हक्क लागतो किंवा आवाजच बंद पाडावा लागतो. मुस्टँगसारखं लढाऊ विमान आवाजाशिवाय दाखवण्यात काय अर्थ आहे?

संकलनात आवाज अखंड ठेवा आणि चित्रं त्यावर कापा. फेरीच्या मध्येच आवाज कापला तर डॉप्लरचा उतार (विमान जवळून जाताना खाली उतरणारा तो सूर) तुटतो आणि कानाला ते ताबडतोब कळतं, डोळ्यांना कळण्याच्या कितीतरी आधी. ३०५ मीटरवरच्या विमानाचा आवाज ०.९ सेकंद उशिरा येतो, म्हणजे २५ फ्रेमच्या चित्रात २२ फ्रेम मागे. काही जण तो अलीकडे ओढून चित्राशी जुळवतात. तसं करू नये. कॅमेऱ्याजवळ टाळी वाजवून रेकॉर्डर जुळवला की पुरे, पुढचा उशीर खरा आहे आणि विमान किती लांब होतं ते तोच सांगतो. स्लो मोशन मोजक्याच ठिकाणी वापरावं. आवाज त्यात मरतो, आणि १०० फ्रेमला १/२०० शटर लागल्याने मर्लिनचा पंखाही पुन्हा ३५ अंशांवर थिजायला लागतो.

रंगांचं एक सांगायचं तर तयार लुकचे लट (एलयूटी, म्हणजे रंग बदलणारे तयार साचे) लावून सावल्या निळ्या-हिरव्या आणि उजेड नारिंगी करण्याची फॅशन इथे नुकसान करते. विमान पुन्हा उभं करणारी माणसं कुठल्या स्क्वाड्रनचा कुठला रंग होता यावर महिनोन्‌महिने घालवतात, आणि आपण एका क्लिकने तो बदलतो. पांढरा समतोल एकदा लावून दिवसभर तोच ठेवला तर हा प्रश्न येत नाही. निळ्या आकाशात पट्टे पडू नयेत म्हणून शक्य असेल तर १०-बिटमध्ये (रंगांच्या जास्त बारीक छटांमध्ये) चित्रण करा. नाहीच जमलं तर निर्यात करण्याआधी अगदी बारीक ग्रेन (फिल्मसारखे दाणे) टाका. यूट्यूबची शिफारस ४के, ५० ते ६० फ्रेमला सेकंदाला ५३ ते ६८ मेगाबिट अशी आहे, तेवढं द्यावं. १०० मेगाबिटला मूळ चित्रण तासाला ४५ गिगाबाइट खातं, म्हणून १२८ गिगाबाइटचं एक कार्ड आणून दिवस निघत नाही. उन्हात कॅमेरा तापून बंद पडतो तोही नेमका मुख्य विमानाच्या वेळी. पांढरं फडकं टाका आणि मागचा पडदा कॅमेऱ्याच्या अंगापासून उघडा ठेवा.

चित्रफीत लोकांसमोर ठेवताना विमानाचं नाव अचूक लिहिणं ही शोभेची गोष्ट नव्हे. ‘मेसरश्मिट १०९’ म्हणून दाखवली जाणारी कितीतरी विमानं हिस्पानो बुचोन आहेत, स्पेनमध्ये बांधलेली, मर्लिन इंजिन बसवलेली. ओळखायला सोपं आहे. जर्मन डाइम्लर-बेन्झ इंजिन उलटं बसवलेलं असतं, त्याचे धुराचे नळ नाकाच्या खालच्या अंगाला येतात. बुचोनचे वरच्या अंगाला. आवाज तर सरळच ब्रिटिश. जपानी झिरो म्हणून उडणारी काही विमानं १९७०च्या ‘तोरा! तोरा! तोरा!’ चित्रपटासाठी रूप बदललेली हार्वर्डच्या घराण्यातली आहेत. १९९०च्या दशकात नव्याने बांधलेल्या याक-३ना अमेरिकन ॲलिसन इंजिनं आहेत. यात फसवणूक काही नाही, त्यांचे मालक हे उघडच सांगतात. फसवणूक होते ती आपल्या मथळ्यात.

विमानावर रंगवलेला क्रमांकही ओळखीचा पुरावा नसतो. भारतीय हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटमधलं ‘परशुराम’ हे डकोटा मालवाहू विमान व्हीपी९०५ हा क्रमांक मिरवतं. तो क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ला सैनिक घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा, त्याच्या स्मरणार्थ दिलेला. आजचं विमान वेगळं आहे, २०१८मध्ये इंग्लंडहून उडत आलेलं. उलट डक्सफर्डचं एमएच४३४ हे स्पिटफायर त्याच क्रमांकाने १९४३मध्ये बांधलेलं आणि आजही तेच आहे. म्हणून वर्णनात चार गोष्टी लिहाव्यात: प्रकार आणि मार्क (त्या प्रकाराची आवृत्ती), नागरी नोंदणी क्रमांक, ते कुठल्या विमानाच्या रंगात आहे, आणि चित्रणाची तारीख व ठिकाण. मोठ्या देखभालीच्या वेळी रंग बदलतात. दहा वर्षांनी कोणी विचारलं की हे लँकेस्टर बाँबफेकी विमान तेव्हा कुठल्या स्क्वाड्रनच्या खुणा वागवत होतं, तर उत्तर तुमच्या तारखेत असेल. जगात उडणारी लँकेस्टर दोनच, ब्रिटनमधलं पीए४७४ आणि कॅनडातलं एफएम२१३. २०१४च्या उन्हाळ्यात ती इंग्लंडच्या आकाशात एकत्र उडाली. त्या उन्हाळ्यातल्या नीट तारीख लिहिलेल्या चित्रफिती आज अधिक कामाच्या आहेत, मग त्या थोड्या हललेल्या का असेनात.

शेवटचा मुद्दा टाळता येण्यासारखा नाही. ही विमानं पडतात. २२ ऑगस्ट २०१५ला इंग्लंडमधल्या शोरहॅमला हंटर जेट पडलं, अकरा माणसं गेली, सगळी मैदानाबाहेरची. १२ नोव्हेंबर २०२२ला डॅलसमध्ये बी-१७ आणि पी-६३ एकमेकांवर आदळली, सहा जण गेले. शोरहॅमच्या तपासात विमानाची उंची आणि वेग ठरवताना प्रेक्षकांची चित्रणं कामी आली; डॅलसनंतर तपासयंत्रणेने लोकांकडे छायाचित्रं आणि चित्रफिती मागितल्या. म्हणून सकाळीच कॅमेऱ्याचं घड्याळ फोनशी सेकंदापर्यंत जुळवावं आणि अपघात झालाच तर चित्रण चालू ठेवावं, झूम न करता, आकाश आणि क्षितिज दोन्ही चौकटीत ठेवून. उंची काढायला क्षितिज, झाडं, इमारती लागतात. त्या दिवशी काही प्रसिद्ध करू नये. घरच्यांना कळायच्या आत ते जगाला दाखवण्याचं कुठलंच समर्थन नाही. कार्ड कॅमेऱ्यातून काढून लॉक करावं, फॉरमॅट करू नये, फाइलची नावं बदलू नयेत. तपासयंत्रणेला संकलित प्रत देऊ नये, संदेशाच्या ॲपवरून पाठवू नये कारण तिथे फ्रेम गळतात आणि वेळेची नोंद पुसली जाते. कार्डावरची मूळ फाइल, जशी आहे तशी, आणि सोबत तुम्ही प्रेक्षकरेषेवर नेमके कुठे उभे होता त्याचा नकाशा.